उजव्या दाराचा स्पीकर

टेप उघडला आणि दस्तगीर सात वेळा शिंकला.
"मालक तंबाखूचा होता नव्हं?"
आतल्या हिरव्या पाटीवर, कपॅसिटरच्या पायांशी,
वखारीची बारीक धूळ,
सत्तावीस वर्षं कुणी न ओढलेली.

निपाणी, जुना पी. बी. रोड, पंक्चरवाल्याला लागून.
गाडी ओपल ॲस्ट्रा, केए तेवीस,
माझ्याकडे आली ती चार गुळगुळीत टायर
आणि एका मुक्या पेटीसकट.

"चायना स्क्रीन घाला की, साडेचार हजारात.
मागचा कॅमेरा पण येतोय.
ह्याच्यापायी कशाला जीव काढूलालाय?"
मी म्हटलं, डॅशबोर्डला ह्याच मापाचं तोंड आहे.
खरं कारण मलाही नीट माहीत नव्हतं.

कॅसेटचा रबरी पट्टा काकवी होऊन
चाकांच्या दातांत बसलेला.
तो स्पिरिटनं पुसण्यात एक दुपार गेली.
स्पीकर चारही कागदाचे,
कडेचा फोम बोट लावताच भुगा.
कोल्हापूरहून नव्या कडा आल्या,
आणि कॉइल मधोमध बसावी म्हणून
दस्तगीरनं भोवती खोचल्या
जुन्या एक्स-रेच्या पट्ट्या :
कुणाच्या तरी बरगड्या
गोंद सुकेपर्यंत आवाजाला धरून.

मग दीड व्होल्टचा सेल टेकवला.
पडदा केसभर पुढं आला.
"हे सुलटं. मागं गेला असता तर तारा उलट्या."
इतक्या साध्या कसोटीवर
मला बरीच माणसं तपासावीशी वाटली.

वीज दिली तर पेटी आकडे मागू लागली. चार.
बॅटरी एकदा सुटली की ती कुणालाच ओळखत नाही,
आणि तीन चुका झाल्या की तासभर गप्प.
कार्ड हरवलेलं.
जुन्या मालकाचा मुलगा गडहिंग्लजहून फोनवर हसला,
"बाबांनाही पाठ नव्हता. बसलिंगला विचारा."

बसलिंग, तेव्हाचा ड्रायव्हर,
आता मंगल कार्यालयाच्या फाटकावर.
संध्याकाळी आला,
चप्पल बाहेर काढून गाडीत बसला.
आकडा सांग म्हटलं तर सांगता येईना.
"बायाग बरंगिल्ल री,"
मग त्याचंच त्यानं मराठी केलं,
"तोंडात न्हाई. बोटात हाय."
डोळे मिटले. अंगठा चाचपत फिरला.
येळु. यरडु. यरडु. नाल्कु.
वखारीत बोदं मोजावीत
तसं, दर दाबाला मान हलवत.

खरखर.
धारवाड.
खरखर, आणि तिच्यामागं
सांगली की कुठलंसं, हवामान सांगत.
अंधार पडला की इथं स्टेशनं एकमेकांवर चढतात,
शेंगांचा भाव एका भाषेत सुरू होऊन
दुसरीत संपतो,
आणि कुणाला काही चुकल्यासारखं वाटत नाही.
पंक्चरवालाही हात पुसत येऊन उभा राहिला.

बसलिंगचा कान मात्र उजव्या दाराला.
"हा फरफरत न्हाई?"
"नीट केलाय," दस्तगीर, जरा ताठ.
"फरफरायचा. पहिल्या दिवसापासनं.
मालक म्हणायचे, राहू दे तो तसाच.
फरफर थांबली की समजायचं, दार नीट लागलं न्हाई."

त्यानं दार उघडलं. लावलं. परत उघडलं.
थोडा वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून बसला,
मग उतरून चप्पल घातली.
"आवाज चांगला आलाय," म्हणाला,
"दुसऱ्या गाडीचा वाटतोय."

अठराशे पन्नास रुपये. पावती दिली,
मी न मागता.
रात्री तवंदी घाट चढताना
तिची चौघडी करून
उजव्या दाराच्या जाळीमागं खोचली.
फरफरली.
पण सुकी, कोऱ्या कागदाची फरफर,
त्याच्या कानातली नक्की नव्हे.
माथ्यावर गाडी बाजूला घेतली
आणि अजून एक घडी घातली.